गाडी विकायची आहे, न वापरलेल्या एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे परत मिळतात का?

शेवटची_लोकल
१२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची मुलुंडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर भाडं देतो, पण त्या भाड्यात जो फ्लॅट मिळाला त्याला पार्किंग नाही. दोन महिने गाडी रस्त्यावर आहे. रोज सकाळी दात घासायच्या आधी खिडकीतून बघायचं, टो झाली नाही ना. बाबांचं गाडी चालवणंही आता बंदच झालंय, तेव्हा विकायचं ठरवलं.

पेट्रोल हॅचबॅक, एमएच ०३, डिसेंबर २०२२ ची, २१ हजार किलोमीटर. घेतानाच सेल्सवाल्या मुलाने चौथ्या-पाचव्या वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारली. १५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७००. कंपनीची मूळ तीन वर्षांची वॉरंटी यंदा १४ डिसेंबरला संपते, त्यानंतर ही सुरू होणार. जी अजून सुरूच झाली नाही तिचे पैसे मी तीन वर्षांपूर्वी भरून बसले आहे!

शोरूमला फोन केला. "मॅडम, नॉन-रिफंडेबल असतं ते." कुठे लिहिलंय विचारलं तर "सिस्टीममध्ये ऑप्शनच नाही." घरी येऊन गाडी बघून जाणारी एक कंपनी आहे, त्यांनी ४ लाख १० हजार सांगितले. वॉरंटीचं विचारल्यावर त्या मुलाने माझ्याकडे दयेने पाहिलं. कोणाला पैसे परत मिळालेत का? की सोडून द्यावं?

(शोरूमचं आणि गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कृपया विचारू नका.)

—

तिखटमीठ
१२ ऑक्टोबर, रात्री ९:५८

सोडून द्या. मुंबईत बिल्डरकडून आणि शोरूमकडून गेलेले पैसे पितृपक्षातच आठवायचे.

—

गिअरपेटी
१२ ऑक्टोबर, रात्री १०:५०

शेलो ताई, सोडू नका. नऊ वर्षं सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणून काउंटरच्या पलीकडे काढली आहेत, म्हणून सांगतो. "सिस्टीममध्ये ऑप्शन नाही" याचा अर्थ समोरच्या मुलाला ते कधी करावं लागलेलं नाही, एवढाच.

आधी कागद शोधा. गाडीच्या बिलाबरोबर वॉरंटीचं वेगळं इन्व्हॉइस आणि सर्टिफिकेट मिळालं असेल. त्यावर वॉरंटी देणारा कोण आहे ते बघा. गाडीची कंपनी स्वतः असेल तर अटी छापील पुस्तिकेत असतात. दुसरा प्रकार असा की कंपनीचा फक्त शिक्का, मागे एखादी विमा कंपनी किंवा वॉरंटी चालवणारी तिसरीच संस्था. आणि तिसरा प्रकार डीलरने स्वतःच बांधलेलं पॅकेज, वॉरंटी अधिक टेफ्लॉन कोटिंग अधिक दोन फुकट वॉश असलं काहीतरी. या तिसऱ्यात पैसे परत मिळवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं.

पण त्याआधी एक विचार करा. आपल्याकडे ही वॉरंटी बहुतेक वेळा चॅसी नंबरला चिकटलेली असते. गाडी विकली की ती गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, फार तर एक फॉर्म आणि थोडी फी. तेव्हा ती मोडायची की गाडीबरोबर विकायची, हे गिऱ्हाईक कोण आहे त्यावर ठरतं. जुन्या गाड्यांच्या कंपन्या तिचे पैसे देत नाहीत, पण पुढच्या गिऱ्हाइकाला मात्र "वॉरंटीसकट" म्हणून विकतात. घरगुती गिऱ्हाईक तिच्यासाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजायला तयार होतं, कारण त्याला जुन्या गाडीची धास्ती असते.

—

पावभाजी_पाहिजे
१३ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

मला तर मागच्या वर्षी गाडी विकताना ५० टक्के मिळाले होते. एजंटनेच करून दिलं. कागदावर कंपनीचा सही-शिक्का होता.

—

गिअरपेटी
१३ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

पाभा, ते वॉरंटीचं नव्हतं, नो क्लेम बोनसचं पत्र होतं. आणि ५० टक्के हातात मिळाले नसणार, पुढच्या गाडीच्या विम्यात सूट मिळाली असेल.

—

पावभाजी_पाहिजे
१३ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

हो हो. बरोबर. विम्याचंच होतं.

—

निवृत्त_सर्व्हेअर
१३ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

हा गोंधळ फार जणांचा होतो, म्हणून थोडं लिहितो. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. २० टक्क्यांपासून सुरू होऊन ओळीने पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जातो, तोही फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर. गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून पत्र घेऊन ठेवायचं, तीन वर्षांत नवी गाडी घेतली तर वापरता येतं. पॉलिसी गाडीबरोबर जाते, नव्या मालकाने १४ दिवसांत ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची. वॉरंटीचं उलटं आहे, ती गाडीची असते, माणसाची नव्हे.

ज्यांना वॉरंटी म्हणजे विमा वाटतो त्यांच्यासाठी आणखी एक. पावसात मिलन सबवे किंवा हिंदमाताला गाडी पाण्यात बंद पडली, तुम्ही पुन्हा स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर वॉरंटीत एक रुपया मिळत नाही. विम्यातसुद्धा इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घेतलेलं असेल तरच. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरचे सहा महिने मी अशीच इंजिनं उघडी पडलेली बघत हिंडत होतो. वॉरंटी फक्त बनावटीतल्या दोषाला. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, बॅटरी हे झिजणारं सामान तिच्यात नसतंच किंवा फार थोडे दिवस असतं.

—

अटलांटिकपार
१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०५

न्यू जर्सीहून. (मूळ डोंबिवली, त्यामुळे पार्किंगचं दुःख कळतं.)

इथे गाडी विकताना वॉरंटी रद्द करणं अगदी नेहमीचं आहे. डीलर विकतो ती खरं तर वॉरंटी नसतेच, सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट असतं आणि त्यात रद्द करण्याचं कलम असतं. माझं सात वर्षं किंवा १ लाख मैलांचं होतं, २,४०० डॉलरचं. पहिल्या ६० दिवसांत पूर्ण पैसे परत, त्यानंतर वापराच्या प्रमाणात. गंमत अशी की वेळ आणि मैल यांपैकी जे जास्त वापरलं असेल ते धरतात. तीन वर्षं झाली होती म्हणजे वेळेने ४३ टक्के, पण मैल ५८ हजार. म्हणून उरले ४२ टक्केच, १,००८ डॉलर. त्यातून ५० डॉलर फी कापून ९५८.

चेक माझ्या हातात आलाच नाही, कर्ज चालू होतं म्हणून थेट कर्ज देणाऱ्या बँकेकडे गेला. मी महिनाभर पोस्टाच्या पेटीत डोकावत होतो! डीलर तुमचा फोन उचलत नसेल तर कॉन्ट्रॅक्टवर जो ॲडमिनिस्ट्रेटर लिहिला असेल त्यालाच गाठायचं, आणि अर्जावर त्या दिवसाचा ओडोमीटरचा आकडा लिहायचा. उशीर कराल तेवढे दिवस कापले जातात.

—

तिखटमीठ
१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

आमच्याकडे पहिल्या ६० दिवसांत सेल्सवाला फोन उचलतो, तेवढंच.

—

शेवटची_लोकल
१४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

सर्वांचे आभार. कागद सापडले. आईने गाडीची फाइल गॅसच्या पुस्तकाबरोबर ठेवली होती.

वॉरंटी गाडीच्या कंपनीचीच आहे. पुस्तिकेत मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात, कलम आहे. मुदत सुरू व्हायच्या आधी लेखी अर्ज केला आणि तिच्यावर एकही क्लेम नसेल, तर भरलेल्या रकमेतून १० टक्के वजा करून परतावा, कर वगळून. एकदा सुरू झाली की काही नाही. म्हणजे १४ डिसेंबर ही माझी शेवटची तारीख. हिशेब बरोबर असेल तर १३,५००.

दोन शंका. एक, कर वगळून का? माझे २,७०० कुठे गेले? दोन, आज भांडुपचे एक शिक्षक गाडी बघून गेले. जाहिरातीत मी "वॉरंटी डिसेंबर २०२७ पर्यंत" असं लिहिलं होतं. ते ४ लाख २५ हजार म्हणाले, वॉरंटी असेल तर. नसेल तर ४ लाख १२ हजार.

—

ताळेबंद
१४ ऑक्टोबर, रात्री ११:०२

२,७०० सरकारजमा झाले. जीएसटी कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे व्यवहार मागे फिरवला तर विकणारा क्रेडिट नोट काढून आपला कर कमी करून घेऊ शकतो, पण त्याला मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षातला व्यवहार, ते संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर तोपर्यंतच. तुमचं बिल डिसेंबर २०२२ चं, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२३ ला ती खिडकी बंद झाली. आता करासकट परत द्यायचं तर तेवढे पैसे डीलरच्या खिशातून जाणार. तो देणार नाही, आणि या बाबतीत मी त्याला दोष देणार नाही.

सरळ हिशेब मांडा. वॉरंटी मोडली तर ४,१२,००० + १३,५०० = ४,२५,५००. गाडीबरोबर दिली तर ४,२५,०००. पाचशे रुपयांचा फरक! शिक्षकांनी पुस्तिका वाचून भाव केला की काय?

—

चारआण्याचं_नाणं
१५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

मग प्रश्नच मिटला. वॉरंटी द्या, एक हेलपाटा वाचेल. तसाही २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी सेस धरून २९ टक्के होता तो १८ वर आलाय. नवीन स्वस्त झाली म्हणून जुन्यांना लोक नाकं मुरडतात. गिऱ्हाईक दारात आलंय, हातचं जाऊ देऊ नका.

—

गिअरपेटी
१५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

थांबा, घाई नको. वॉरंटी देण्याआधी ती जिवंत आहे का ते बघा. सर्व्हिस हिस्टरी काढा. सगळ्या सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत वर्कशॉपमध्ये झाल्यात का? मुंबईतल्या गाड्यांचा घोळ इथेच असतो. किलोमीटर होत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं सर्व्हिस लांबवली तरी चालेल. पण अट "वर्ष किंवा १० हजार, जे आधी होईल ते" अशी असते. उभ्या गाडीलाही वर्ष लागू.

—

शेवटची_लोकल
१५ ऑक्टोबर, रात्री ९:४४

अरे देवा.

दुसऱ्या वर्षाची सर्व्हिस डिसेंबर २०२४ ला व्हायला हवी होती. तेव्हा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मग दुसऱ्या डोळ्याचं. गाडी उभीच होती. मध्ये नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडून ऑइल बदलून घेतलं, त्याचं बिल म्हणजे मागे त्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. अधिकृत सर्व्हिस झाली १९ मार्च २०२५ ला. पुस्तिकेत ३० दिवसांची सवलत आहे.

—

गिअरपेटी
१५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

मग तीन महिने उशीर. काच वर करायची मोटर गेली तर कोणी हिस्टरी उघडणार नाही. पण उद्या इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं, पन्नास हजारांचं, तर वॉरंटीवाले सगळ्यात आधी सर्व्हिसच्या तारखाच काढतात. मी स्वतः असे क्लेम परत आलेले बघितलेत आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्यात. शिक्षकांना ही वॉरंटी "२०२७ पर्यंत" म्हणून विकली तर शिव्या तुम्हाला मिळतील.

परताव्याच्या कलमात सर्व्हिसची अट आहे का? तुम्ही लिहिलंय त्यावरून फक्त "क्लेम नसावा" एवढंच दिसतंय.

—

शेवटची_लोकल
१५ ऑक्टोबर, रात्री १०:३१

परत वाचलं. नाहीये. फक्त क्लेम.

—

चारआण्याचं_नाणं
१५ ऑक्टोबर, रात्री १०:४०

शिक्षकांना सांगायलाच हवं असं काही नाही हो. वॉरंटी आहे हे खोटं थोडंच आहे? हिस्टरी त्यांनी बघायची.

—

निवृत्त_सर्व्हेअर
१५ ऑक्टोबर, रात्री ११:१०

चारआणे, मुलुंड आणि भांडुपमध्ये एकच स्टेशन आहे. माणूस परत येतो.

—

मोगरा_आणि_मीटर
१६ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

शेलो, पैसे परत घ्यायचे ठरवलं तर क्रम चुकवू नकोस. आधी वॉरंटी रद्द, मग फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) सही. आरसी दुसऱ्याच्या नावावर गेली की अर्ज करणारी तू कोण, असं विचारतील. माझ्या नणंदेचं नेमकं हेच झालं, उलटं केलं आणि परतावा अडकला.

अर्ज तोंडी नको. ईमेल कर, शोरूमबरोबर कंपनीच्या कस्टमर केअरलाही. पुस्तिकेतल्या कलमाचा नंबर लिही. सर्टिफिकेट, बिल, ओडोमीटरचा फोटो, रद्द केलेला चेक जोड. आणि पोचपावती माग. टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथूनही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यानंतर आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. १३,५०० साठी मी लगेच आयोगात जाणार नाही, पण ईमेलमध्ये उल्लेख केला की त्यांच्या सिस्टीममध्ये ऑप्शन उगवतो.

—

गिअरपेटी
१६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

मोगरा ताईंना अनुमोदन. सहीवरून आठवलं, कोऱ्या २९-३० वर सह्या करून एजंटकडे देऊ नका. गाडी तुमच्या नावावर राहिली तर चलन तुमच्याकडे येणार, अपघात झाला तर त्याहून वाईट. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, नोंदणी ज्याच्या नावावर तोच भरपाईला जबाबदार, गाडी मधल्या मध्ये कितीही हातांत फिरलेली असो. जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरला दिली असती तर २०२३ पासून फॉर्म २९ सी आहे, त्यावर ताबा दिल्याची ऑनलाइन नोंद होते आणि जबाबदारी डीलरकडे जाते. घरगुती व्यवहारात ती सोय नाही.

कर्ज होतं का? फेडलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेल तर फॉर्म ३५ लावून आधी ते काढा. आणि गाडी द्यायच्या दिवशी फास्टॅग बंद करा.

—

शेवटची_लोकल
२८ ऑक्टोबर, रात्री ९:२०

दिवाळीमुळे उशीर झाला, माफी.

शिक्षकांना सगळं सांगितलं, सर्व्हिसचं आणि चिठ्ठीचंही. ते आधी गप्प बसले, मग म्हणाले, "बाई, मीपण वर्गात हजेरी उशिरा घेतो." वॉरंटीशिवाय ४ लाख १२ हजार पक्के. पण गाडी माझ्या माणसाला दाखवतो म्हणाले. त्यांच्या माणसाने दोन तास बॉनेटमध्ये डोकं घातलं, चहा प्यायला आणि "ठीक आहे" एवढंच बोलला.

अर्ज १७ तारखेला ईमेलने. चार दिवस काही नाही. दुसऱ्या ईमेलमध्ये कलम नंबर आणि १९१५ लिहिलं, तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा स्वतःहून फोन. आवाजात एकदम साखर. मूळ सर्टिफिकेट जमा करायला सांगितलं. मी आधी झेरॉक्सवर पोच घेतली, मगच मूळ दिलं. (मोगरा, तुझी नणंद आठवली.)

तो म्हणाला, तीन वर्षांत परतावा मागणारी मी दुसरीच. पहिला कोण होता विचारलं, तर हसला. एवढ्या गाड्या विकल्या जातात, मग बाकीच्यांचे पैसे कुठे जातात, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण चेक अजून यायचा होता ना.

—

अटलांटिकपार
२९ ऑक्टोबर, पहाटे ४:५०

इथेही तसंच आहे. निम्म्या लोकांना माहीतच नसतं की रद्द करता येतं. जुनी गाडी देऊन नवी घेतात आणि जुन्याचं कॉन्ट्रॅक्ट विसरतात, तोच डीलर नव्याचं कॉन्ट्रॅक्ट विकतो.

—

ताळेबंद
२९ ऑक्टोबर, सकाळी १०:००

पैसे आले की कळवा. आणि १० टक्के १५,००० वर कापलेत ना बघा, १७,७०० वर नव्हे. असं करतात.

—

शेवटची_लोकल
११ नोव्हेंबर, रात्री ८:४५

ताळेबंद, तुमच्या तोंडात साखर पडो. १३,२३० जमा झाले. १,७७० कापले होते, करासकट रकमेवर! एक ईमेल आणि तुमचं वाक्य जसंच्या तसं. आज उरलेले २७० आले.

गाडी शनिवारी गेली. आरसीवर बँकेचं नाव होतंच, ते काढण्यात एक आठवडा गेला. बाबा खाली उतरले नाहीत, वरून खिडकीतून बघत होते. दोन्ही चाव्या दिल्या, २९-३० ऑनलाइन भरून त्यांच्यासमोरच सह्या केल्या, विम्याचं नो क्लेमचं पत्र मागवलंय, जरी नवी गाडी कधी घेऊ माहीत नाही.

—

पावभाजी_पाहिजे
११ नोव्हेंबर, रात्री ९:१०

अभिनंदन! पार्टी कधी? भांडुपच्या बाजूला एक भारी पावभाजी आहे.

—

नवीन_सभासद_४४
१४ नोव्हेंबर, दुपारी ३:३३

सगळं वाचलं नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी नॉन-रिफंडेबल असते ना?

—

तिखटमीठ
१४ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

हो. न वाचणाऱ्यांसाठी असते.

—

शेवटची_लोकल
१६ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

आत्ताच एसएमएस आला. खालापूर टोलनाक्यावर माझ्या फास्टॅगमधून पैसे कापले गेले. शिक्षक सहकुटुंब पुण्याला निघालेत बहुतेक.

—

गिअरपेटी
१६ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

१६ ऑक्टोबरची माझी पोस्ट. शेवटची ओळ.